गावच्या उपकेंद्रातली ओआरएसची पुडी: पुडीला पूर्ण गुण, समजावण्याला कमी

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावात पिठाची चक्की चालवतो. घरी दोन लेकरं. थोरली मुलगी मार्च २०१७ ची, धाकटा मुलगा जुलै २०२२ चा. दोघांनाही दोन वर्षांच्या आत, हिवाळ्यातच हगवण लागली. मुलीच्या वेळी जीव टांगणीला लागला होता. मुलाच्या वेळी तीन रात्री जागलो, पण घरच्या घरी निभावलं. या दोन हिवाळ्यांत जो फरक पडला तो आमच्या आरोग्य उपकेंद्रातून मिळालेल्या तीन वस्तूंनी पाडला: ओआरएसची पुडी (पाण्यात विरघळवून पाजायची मीठ-ग्लुकोजची भुकटी), झिंकच्या गोळ्या आणि रोटाव्हायरस या हगवणीच्या विषाणूवरची तोंडातून द्यायची लस. मोबाइल कसा निघाला, बियाणं कसं उगवलं, यावर लोक भरभरून लिहितात. या तीन वस्तूंबद्दल कोणी वापरणाऱ्यानं लिहिलेलं मला दिसलं नाही. फुकट मिळाल्या म्हणून त्यांची पारख करायची नाही असं थोडंच आहे?

आधी मुलीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जानेवारी २०१८. तूर खळ्यावर येऊन पडली होती आणि कापसाची तिसरी वेचणी चालू होती. मुलगी दहा महिन्यांची. रात्री दोनच्या सुमारास तिनं उलटी केली, अंग तापलं. पहाटेपर्यंत तांदळाच्या धुवणासारखी पातळ संडास सुरू झाली. दुपट्यांची चळत संपली, मग आईच्या जुन्या लुगड्याचे तुकडे केले, तेही संपले. आई म्हणाली, "दात येऊन राह्यले तिले. दात येतानी असंच होते, घाबरू नका." जायफळ उगाळून चाटवलं. मग म्हणाली, "पाणी नका पाजू, जेवढं पाजसान तेवढं खाली जाते." आईनं चार लेकरं वाढवलेली, तिच्या शब्दाला घरात वजन. त्या दिवशी आम्ही लेकराचं पाणी तोडलं आणि तिच्या आईनं अंगावर पाजणंही जवळजवळ बंद केलं. हे लिहिताना आजही हात जड होतो. लेकराच्या अंगातून पाणी वाहून चाललं होतं आणि आम्ही वरून भरणंच थांबवलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याला एका खाजगी दवाखान्यात नेलं. एक सुई, दोन बाटल्या औषध, घरी जा. पाणी किती पाजायचं, कसं पाजायचं याबद्दल एक शब्द नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचे डोळे आत गेलेले, टाळू खोल गेलेली. रडत होती पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. दुपट्यावर लघवीचा डाग रात्रीपासून नव्हता. शेजाऱ्याच्या गाडीनं जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तिच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट झाली नाही, सुरकुतीसारखी उभी राहिली आणि हळूहळू खाली बसली. ती सुरकुती मला अजून दिसते.

सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडून बघायला लागली, तेव्हा सिस्टरनं तिच्या आईच्या हातात वाटी-चमचा दिला आणि म्हणाली, "सलाईननं वाचवली, आता तुम्ही चमच्यानं भरा." त्या वाटीत ओआरएसचं पाणी होतं. घरापासून चालत पाच मिनिटांवरच्या उपकेंद्रात तीच पुडी फुकट मिळत होती आणि आमच्या घरात कोणाला तिचं नाव माहीत नव्हतं. चार दिवस तिथं राहिलो. चक्की बंद होती ती वेगळी, पण येण्या-जाण्यात आणि औषधात साडेनऊ हजार गेले.

निघताना डॉक्टरांनी दहा मिनिटं देऊन समजावलं. त्यांच्या अंदाजानं तो रोटाव्हायरस होता. थंडीच्या दिवसांत सहा महिने ते दोन वर्षांची लेकरं आधी उलट्या, ताप आणि मग पाण्यासारखी संडास घेऊन येतात, त्यांत हा पुष्कळदा असतो. अँटिबायोटिकचा त्याच्यावर उपयोग नाही. तीन ते आठ दिवसांत तो आपला आपण जातो, तोवर अंगातलं पाणी आणि मीठ टिकवणं हेच औषध. मी विचारलं, आमचं घर काय घाण आहे का? ते म्हणाले, शहरातल्या फरशीच्या घरातही होतो. अगदी थोडे विषाणू पुरतात, हाताला, खेळण्याला, भांड्याला चिकटून राहतात. हात धुवाच, पण तेवढ्यानं तो पूर्ण थांबत नाही. जगात जवळजवळ प्रत्येक लेकराला पाच वर्षांच्या आत तो एकदा तरी गाठतो. फरक पडतो तो नंतर. पैसेवाल्या देशात लेकरू वाचतं, आपल्यासारख्या ठिकाणी दवाखाना लांब आणि घरात पाणी तोडलेलं, म्हणून मरतं. पुढं मी वाचलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१३ या एका वर्षात रोटाव्हायरसनं जगात २ लाख १५ हजार लेकरं गेली आणि त्यांतली ४७ हजारांवर आपल्या देशातली होती. त्या आकड्याशेजारी मला मुलीच्या पोटावरची सुरकुती दिसते.

आता लसीकडं येतो.

मुलीच्या वेळी आमच्याकडं ही लस सरकारी लसीकरणात नव्हती. देशात ती २०१६ साली चार राज्यांपासून सुरू झाली आणि महाराष्ट्रात २०१९ मध्ये आली. मुलगा झाला तेव्हा आशाताई, म्हणजे गावच्या आरोग्य स्वयंसेविका, सहाव्या आठवड्यात स्वतः घरी येऊन सांगून गेल्या. दीड महिन्यानं, अडीच महिन्यानं आणि साडेतीन महिन्यानं, असे तीन डोस. आमच्या गावात लसीकरणाचा दिवस ठरलेला असतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातून निळ्या डब्यात बर्फाच्या पिशव्या लावून लसी येतात. नर्सबाईंनी मला कुपीवरची छोटीशी खूण दाखवली: गोलाच्या आत चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिका आहे तोवर लस उष्णतेनं खराब झालेली नाही. चक्कीवाल्याला अशी खूण आवडते. डोळ्यांनी पाहून खात्री करता येते, कोणाच्या शब्दावर सोडावं लागत नाही.

त्यांची पद्धतही मला पटली. तोंडातून द्यायच्या लसी आधी, सुया नंतर. एकदा सुई टोचली की लेकरू रडतं, मग तोंडातलं बाहेर येतं. रोटाव्हायरसच्या लसीला सुई नाहीच. लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवलं, कार्डावर तारीख घातली आणि पुढची तारीख तोंडपाठ करून घेतली. पहिला डोस वर्षाच्या आत द्यायला हवा, त्यानंतर सुरू करत नाहीत, हेही तेव्हाच कळलं. आमच्या गल्लीतली दोन घरं मजुरीला बाहेरगावी गेली होती, त्यांच्या लेकरांचं त्यात राहून गेलं. लसीकरणाचा दिवस वेचणीच्या मजुरीच्या दिवसाशी भांडतो. कोणत्या आईला दिवसाची मजुरी सोडवते? सत्र सकाळी आठलाच सुरू केलं तर बायका लस देऊन शेतात जाऊ शकतील, असं मी ग्रामसभेत बोललो आहे. अजून दहाच्या आधी काही सुरू होत नाही. हा माझा या सेवेबद्दलचा पहिला आक्षेप.

लस शंभर टक्के नाही, हे साफ सांगायला हवं, कारण गावात "लस दिली तरी संडास लागली, मंग काय उपेग?" हे मी स्वतः चक्कीवर ऐकलंय. आपल्या देशात वापरल्या जाणाऱ्या लसींपैकी एक हैदराबादला बनते, एक पुण्याला. हैदराबादच्या लसीचं मूळ दिल्लीच्या एम्समधल्या नवजात बाळांत सापडलेल्या विषाणूत आहे. १९८० च्या दशकात डॉ. महाराज किशन भान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं की तो विषाणू बाळांच्या पोटात आहे, पण बाळं आजारी नाहीत. त्यावरून लस व्हायला जवळजवळ तीस वर्षं लागली. दिल्ली, पुण्याजवळची गावं आणि वेल्लोर इथल्या सुमारे ६,८०० बाळांवर तिची मोठी चाचणी झाली आणि रोटाव्हायरसच्या जोरदार हगवणीपासून पहिल्या वर्षी सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळालं. म्हणजे दवाखान्यात न्यावं लागेल अशा दर शंभर आजारांतले निम्म्याहून जास्त टळतात. उरलेल्यांसाठी आणि दुसऱ्या जंतूंनी होणाऱ्या हगवणीसाठी पुडी लागतेच. कुंपण घातलं म्हणून राखण कोणी सोडत नाही.

मुलाचा तिसरा डोस झाला त्याच आठवड्यात, ऑक्टोबर २०२२ मध्ये, पेपरात डॉ. दिलीप महालनबीस गेल्याची बातमी आली. तोवर मला हे नाव माहीत नव्हतं. १९७१ साली बांगलादेशातून लाखो निर्वासित बंगालमध्ये आले, बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा या माणसानं मीठ, ग्लुकोज आणि खायचा सोडा मापानं मिसळून पाणी केलं, ड्रम भरून ठेवले आणि आजाऱ्यांच्या नातेवाइकांनाच पाजायला लावलं. छावणीतलं मरणाचं प्रमाण शेकडा तीसवरून चारच्याही खाली आलं. नर्स नाही, डॉक्टर नाही, आया-बहिणींनी पेल्यानं पाजून माणसं वाचवली. सरकारनं २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिलं. मी ते कात्रण चक्कीत मीटरच्या पाटीखाली चिकटवलंय. त्यावर पिठाचा थर बसतो, मी पुसतो.

या पाण्याची करामत मला आशाताईंच्या प्रशिक्षणाच्या पुस्तकातून आणि थोडी डॉक्टरांकडून समजली. लहान आतड्याच्या आतून बारीक लव असते, मखमलीसारखी. खाल्लं-प्यालेलं तीच आत ओढून घेते. रोटाव्हायरस ती लव झडवतो, म्हणून नुसतं पाणी पाजलं की ते बरचसं तसंच खाली जातं. माझ्या आईचं निरीक्षण खोटं नव्हतं, त्यातून काढलेला अर्थ चुकला. लव झडलेल्या आतड्यातही एक दार उघडं राहतं. ग्लुकोज आणि मिठातला सोडियम जोडीनं आले की ते दार त्यांना आत घेतं आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. जोडीतलं एक नसलं तर काम अडतं. एका बैलावर वखर चालत नाही, तसंच हे.

आणि जोडी म्हटली की माप आलं. मला मुख्य बोलायचंय ते यावर.

जानेवारी २०२४. मुलगा दीड वर्षाचा. संध्याकाळी तीन उलट्या, रात्रीतून पाच-सहा पातळ संडास. तो रोटाव्हायरस होता की आणखी काही, कोणी तपासलं नाही, तपासायची गरजही पडली नाही. या वेळी घरात दोन पुड्या आधीच होत्या, आशाताईंनी पावसाळ्यात घरोघरी वाटल्या होत्या. मी चक्कीवरून येईतो आईनं पुडी फोडून अर्धी भुकटी पाण्याच्या पेल्यात टाकली होती. "कडक असलं का लवकर गुन येते," ती म्हणाली. तिचं प्रेम होतं त्यात. पण अर्धी पुडी म्हणजे अर्ध्या लिटरचं मीठ, आणि ते एका पेल्यात! तेवढं खारट पाणी लेकराला पाजलं तर रक्तातलं मीठ वाढून झटके येऊ शकतात. मी तो पेला ओतून दिला. आई माझ्यावर दोन दिवस बोलली नाही.

मी पुडी उजेडात धरून वाचली. मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. सगळं मिळून साडेवीस ग्रॅम, एक लिटर पाण्यासाठी. अक्षरं मुंगीएवढी आणि इंग्रजीत. मागच्या बाजूला थोडं हिंदी. माझ्या आईला ते वाचता येणार नाही, आमच्या गल्लीतल्या निम्म्या सुनांनाही नाही. आणि वाचून "एक लिटर" कळलं, तरी लिटर आहे कुठं घरात? आमच्याकडं पायली आहे, कुडव आहे, पितळेचा गडवा आहे, स्टीलचा गंज म्हणजे पातेलं आहे. मी चक्कीवर दिवसभर मापानंच जगतो, तरी माझ्या स्वयंपाकघरात लिटरचं माप नव्हतं. आईचा गडवा मी दूधवाल्याच्या मापानं भरून पाहिला. तो काठोकाठ भरला तर सव्वा लिटर निघाला. त्यात पुडी टाकली असती तर पाणी पातळ झालं असतं. शेजारच्या काकूंचा गडवा पाऊण लिटरचा. दोघीही "एक गडवा पाणी" म्हणतात.

त्यातून दुसरा घोळ. मेडिकलच्या दुकानात चार-साडेचार ग्रॅमची छोटी पुडीही मिळते, ती एका पेल्यापुरती, २०० मिलीसाठी. सरकारी पुडी मोठी, लिटरची. आमच्या ओळखीच्या एका घरात दुकानातली छोटी पुडी बाटलीभर पाण्यात टाकून दोन दिवस पाजत होते. लेकराच्या पोटात नुसतं गोडसर पाणी जात होतं. दोन्ही पुड्यांवर ओआरएसच लिहिलंय. ज्यानं पुडी दिली त्यानं एवढं एक वाक्य बोलायला हवं: ही मोठी, लिटरची, ती छोटी, पेल्याची.

त्या रात्री आम्ही काय केलं ते सांगतो, कोणाच्या कामी पडेल. पाण्याची एक लिटरची प्लास्टिकची बाटली उकळून थंड केलेल्या पाण्यानं भरली, ते पाणी स्वच्छ गंजात ओतलं, पूर्ण पुडी त्यात टाकली, विरघळेपर्यंत ढवळलं. चव घेऊन पाहिली, डोळ्यातल्या पाण्यासारखी लागते, त्याहून खारट नको. वरून साखर नाही, दूध नाही, परत उकळणं नाही. उलटी झाली की दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा चमच्यानं, दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. माझी बायको घड्याळ समोर ठेवून बसली होती. दर पातळ संडासेमागे पाव ते अर्धा कप, दोन वर्षांखालच्या लेकराला एवढं. दोन वर्षांवरच्याला अर्धा ते एक कप. अंगावर पाजणं या वेळी बंद केलं नाही. सकाळी पातळ खिचडी, दुपारी केळं. दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी ओतून दिलं, कारण एकदा केलेलं पाणी चोवीस तासांच्या आत संपवायचं.

तिसऱ्या रात्री तो झोपेत ओलं करून उठला. दुपट्यावरचा लघवीचा तो डाग पाहून त्याची आई रडली. सहा वर्षांपूर्वी याच डागाची वाट पाहत आम्ही गाडीत बसलो होतो.

झिंकबद्दल. दोन महिने ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम म्हणजे अर्धी गोळी, त्यापुढच्या लेकरांना रोज एक, चौदा दिवस. चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात टाकली की विरते. चव लोखंड चाटल्यासारखी, आमच्या मुलानं पहिल्या दिवशी थुंकली, मग त्याच्या आईनं दुधात देऊन पाहिली, ती चालली. हगवण तीन दिवसांत थांबते आणि बहुतेक घरांत गोळ्याही त्याच दिवशी थांबतात. चौथ्या दिवसापासूनच्या गोळ्या कशासाठी, हे कोणी सांगत नाही. त्या पुढच्या दोन-तीन महिन्यांत पुन्हा हगवण लागण्याचा धोका कमी करतात. पेरणीनंतर खताचा दुसरा हप्ता कोणी चुकवत नाही, कारण त्याचं काम ठाऊक असतं. मला चार गोळ्या मिळाल्या. साठा संपला होता, उरलेल्या दहा तालुक्याहून विकत आणाव्या लागल्या. ज्याचा तालुक्याला फेरा होत नाही त्याचं लेकरू चार गोळ्यांवरच राहतं. हा माझा दुसरा आक्षेप, आणि पहिल्याहून मोठा. चौदा दिवसांचं औषध चार दिवसांचं देणं म्हणजे माप मारणंच. चक्कीवर मी असं केलं तर गिऱ्हाईक पिशवी माझ्या तोंडावर फेकेल.

एक गोष्ट पुडीच्या नावाखाली विकली जाते, तिच्याबद्दलही सांगतो. २०२३ च्या उन्हाळ्यात माझा मेहुणा आमच्या भाचीसाठी रंगीत खोक्यातलं तयार पेय घेऊन आला होता. खोक्यावर ठळक ओआरएस लिहिलं होतं, चव संत्र्याची, साखर भरपूर. जास्त साखरेचं पाणी आतड्यात उलट पाणी ओढतं, हगवण वाढते. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी या नावाविरुद्ध अनेक वर्षं एकटीनं पाठपुरावा केला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं सांगितलं की जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे नसलेल्या पेयावर ओआरएस हे नाव लावता येणार नाही. मला त्या बाईंचे पाय धरावेसे वाटतात. तरी खेड्यातल्या दुकानाच्या फळीवर जुना माल राहतो, म्हणून खोकं उलटं करून मागचं वाचा. सूत्र लिहिलेलं नसेल तर ते लेकराच्या हगवणीवर देऊ नका.

आता गुण. पुडीला पाचपैकी पाच. एवढी साधी, एवढी कामाची वस्तू माझ्या घरात दुसरी नाही. लसीला पाच, अपुरं संरक्षण धरूनही, कारण जे टळतं ते दवाखान्यातलं दुखणं टळतं. आशाताईंना पाचही कमी पडतील. त्यांनी त्या तीन रात्रींत दोनदा येऊन कातडीची चिमटी घेऊन पाहिली आणि काय दिसलं तर थांबायचं नाही ते माझ्या बायकोकडून म्हणवून घेतलं: लेकरू सुस्त पडलं, पाणी पिईना, पोटात काहीच टिकेना, डोळे आत गेले, संडासात रक्त दिसलं, तर पुडी करत बसायचं नाही, १०८ ला फोन लावायचा आणि गाडी येईतो चमच्यानं पाजत राहायचं. झिंकच्या पुरवठ्याला दोन. पुडीवरच्या लिहिण्याला एक. आपल्या राज्यात वाटायच्या पुडीवर मराठीत, मोठ्या अक्षरांत, लिटरच्या बाटलीचं चित्र काढून छापायला किती खर्च येईल?

ते होईपर्यंत मी माझ्यापुरतं एक केलंय. बाजारातून स्टीलचा गडवा आणला, दूधवाल्याच्या मापानं एक लिटर पाणी ओतलं आणि पाण्याच्या पातळीवर आतून खिळ्यानं रेघ ओढली. बाहेरून त्याच उंचीवर बायकोनं लाल नेलपॉलिश लावलं. तो चक्कीत काट्याशेजारी ठेवलेला असतो, सोबत दोन पुड्या. ज्याच्या घरी लेकराला हगवण असेल त्यानं न्यायचा, दळण न्यायला येताना परत आणायचा. आतापर्यंत अकरा घरी जाऊन आला. गेल्या सोमवारी माझी आईच तो घेऊन पलीकडच्या तांड्यावर गेली, तिथल्या एका सुनेचं सात महिन्यांचं लेकरू आजारी होतं. दारातून मी ऐकत होतो, ती सोबतच्या बाईला सांगत होती, "रेघेलोक भरजो, कडक नको करू." गडवा अजून परत आलेला नाही. मी दुसरा आणून रेघ मारून ठेवलाय.